श्रम उधार देण्याआधी

नोकरी शोधणाऱ्याने कंपनीची माहिती काढावी, हे आता प्रत्येक महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षात सांगितले जाते. त्या सांगण्याचा अर्थही ठरून गेला आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरचे ध्येयवाक्य पाठ करायचे, संस्थापकाचे नाव आणि अलीकडचा एखादा पुरस्कार लक्षात ठेवायचा आणि मुलाखतीत ते सहज आठवल्यासारखे बोलून दाखवायचे. हा सल्ला अपुरा आहे एवढेच म्हणून थांबता येत नाही. तो चुकीच्या दिशेने नेणारा आहे. कंपनीने स्वतःबद्दल लिहिलेले तिलाच परत ऐकवण्यात कसली चौकशी आली? ती पगार वेळेवर देते का, तिच्याकडे पुढच्या वर्षभराचे पैसे आहेत का, तिच्या ऑडिटरने काय लिहून ठेवले आहे, हे प्रश्न या तयारीत कुठेच येत नाहीत. चौकशी करायची ती तिथे कामाला जावे की नाही हे ठरवण्यासाठी. मुलाखतीत चमकणे हा तिचा फार तर वरकड फायदा.

असे म्हणण्याचे कारण पगाराच्या व्यवहारातच आहे. काम आधी होते, पैसे नंतर मिळतात. वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. म्हणजे कायदा तंतोतंत पाळणाऱ्या मालकाकडेही नोकरदाराचे महिनाभराचे श्रम उधार पडलेले असतात. साठलेली रजा, वर्षाअखेरचा बोनस, खिशातून केलेला प्रवासखर्च, ग्रॅच्युइटी, पगारातून कापलेला पण अजून न भरलेला पीएफ हे सगळे त्याच उधारीत जमा होत जाते. नोकरदार हा कंपनीचा धनको असतो आणि २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता त्याला याच नात्याने ओळखते. कंपनी अवसायनात गेली की पैसे कोणत्या क्रमाने वाटायचे ते या संहितेच्या कलम ५३ मध्ये दिले आहे. आधी प्रक्रियेचा खर्च; मग कामगारांचे मागील २४ महिन्यांचे देणे आणि त्यांच्या बरोबरीने तारण सोडून दिलेल्या बँका; त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे मागील १२ महिन्यांचे देणे. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक या तिसऱ्या रांगेत उभे असतात. बँक कर्ज देण्याआधी काही वर्षांचे ताळेबंद मागते आणि वर तारण घेते. नोकरदार तेच कर्ज विनातारण देतो. त्याने निदान ताळेबंद तरी पाहिला पाहिजे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप गरजेचा आहे. नोकऱ्या मिळत नाहीत, एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, घरी दोन वेळची भ्रांत आहे. अशा माणसाने कंपनी निवडत बसायचे ही चैन कुणाला परवडणार, असे विचारले जाते. प्रश्न खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. घरचे बरे असलेल्या मुलाचा तीन महिन्यांचा पगार बुडाला तर तो आईवडिलांकडे परत जातो. लातूर किंवा नंदुरबारहून पुण्यात येऊन खोलीची अनामत भरलेल्या, महिना २५ हजारांवर लागलेल्या मुलाचे त्याच तीन महिन्यांत ७५ हजार जातात, अनामत अडकते आणि गावाकडचे कर्ज वाढते. पडला तर सावरायला ज्याच्याकडे काही नाही, त्यालाच चौकशीची गरज अधिक. शिवाय चौकशी केल्याने नोकरी नाकारावीच लागते असे नाही. कंपनीची अवस्था नाजूक आहे हे ठाऊक असूनही माणूस तिथे रुजू होऊ शकतो, पण मग तो त्या पगाराच्या भरवशावर दुचाकीचे कर्ज काढत नाही, दोन वर्षांच्या बाँडवर सही करत नाही, दुसरीकडचे अर्ज थांबवत नाही आणि पहिला पगार चुकला की सहा महिने आशेवर काढत नाही. गरजूला नोकरी घ्यावीच लागली तरी ती कोणत्या बेताने घ्यायची, हे त्याच्या हातात राहते.

बाँडचा उल्लेख वाटेतला नाही. बाँड कोर्टात टिकत नाही, असा समज तरुणांत सर्रास आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड त्यामुळे वैध ठरतो असे मुळीच नाही; पण सही करून नंतर बघू, ही वृत्ती आता महाग पडू शकते. जिथून निघणे सोपे नाही तिथे जाण्याआधी पाहून घेणे भाग आहे.

दुसरा आक्षेप नावाचा आहे. कंपनी मोठी आहे, टीव्हीवर जाहिराती येतात, सगळे ओळखतात. मग आणखी काय बघायचे? या भरवशाची उत्तरे गेल्या दोन दशकांत पुरेशी मिळाली आहेत. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर होते आणि २०२२ च्या कतारमधील फुटबॉल विश्वचषकाच्या प्रायोजकांत होते. त्याच काळात कंपनी जोरात भरती करत होती. मात्र ३१ मार्च २०२१ रोजी संपलेल्या वर्षाचे तिचे हिशेब सप्टेंबर २०२२ पर्यंत बाहेर आले नव्हते. जवळजवळ दीड वर्षाने ते आले तेव्हा तोटा साडेचार हजार कोटींच्या वर निघाला. पुढच्याच महिन्यात सुमारे अडीच हजार लोकांना कमी करण्याची घोषणा झाली. जून २०२३ मध्ये ऑडिटरने राजीनामा दिला, संचालक मंडळातील गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधीही बाहेर पडले. २०२४ मध्ये पगार रखडले आणि जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हिशेब वेळेवर आलेले नाहीत ही गोष्ट मात्र २०२२ च्या सुरुवातीलाच, कोणत्याही ओळखीशिवाय पाहता येत होती.

मुंबईच्या जेट एअरवेजची गोष्ट तर शेअर बाजाराच्या फलकावरच घडली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने तिमाही निकाल जाहीर करणे ऐनवेळी लांबणीवर टाकले. त्याच महिन्याच्या अखेरीस ते आले तेव्हा एका तिमाहीचा तोटा तेराशे कोटींहून अधिक होता. त्यानंतर वैमानिक आणि अभियंत्यांचे पगार मागे पडू लागले. १७ एप्रिल २०१९ ला उड्डाणे थांबली, जूनमध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. आपल्याच थकलेल्या पैशांसाठी कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे न्यायाधिकरणांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ऑगस्ट २०१८ नंतर तिथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाला निकाल लांबल्याची ती सूचना वाचता आली असती. ती जाहीरच होती.

तर कंपनीचे नाव ऐकून थांबायचे नाही, हे ठरले. पुढचा प्रश्न पाहायचे काय आणि कुठे. इथे बहुतेक मार्गदर्शक ढोबळ बोलतात, म्हणून तपशिलात जाणे भाग आहे.

सुरुवात ऑफर लेटरपासून. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या पत्रावर तिचे पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन हा २१ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक छापलेला असावा लागतो. त्यातले पहिले अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, यू असेल तर नाही. मधली दोन अक्षरे राज्य सांगतात, एमएच म्हणजे महाराष्ट्र आणि जीए म्हणजे गोवा. त्यापुढचे चार आकडे स्थापनेचे वर्ष. वीस वर्षांची परंपरा सांगणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०२३ दिसले तर परंपरा नेमकी कुणाची, हे विचारावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्र कोणत्या कंपनीचे आहे ते पाहणे. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्याच्या फाटकावर एक नाव असते आणि नेमणूकपत्रावर मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे दुसरेच. आयटी कंपन्यांत यालाच थर्ड पार्टी पेरोल म्हणतात. चौकशी करायची ती पत्रावरच्या नावाची, कारण पगार ते नाव देणार आहे.

हा क्रमांक हाती असला की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची मूलभूत नोंद मोफत पाहता येते. स्थापना, भरणा झालेले भांडवल, संचालक, कंपनी चालू आहे की नोंदवहीतून काढून टाकलेली आहे, मालमत्तेवर कोणत्या बँकेचा किती बोजा आहे, हे त्यात असते. सर्वांत बोलकी ओळ शेवटच्या ताळेबंदाच्या तारखेची. ताळेबंद वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत दाखल करायचा असतो. ती तारीख दोन वर्षे मागे असेल तर कंपनीकडे दाखवण्यासारखे काही नाही किंवा दाखवायची इच्छा नाही. दोन्ही गोष्टी धनकोसाठी वाईटच. १०० रुपये भरले की त्या कंपनीची दाखल कागदपत्रे उघडून वाचता येतात.

त्या कागदांत नफ्यातोट्याच्या आकड्याआधी ऑडिटरचा अहवाल वाचावा. कंपनी (ऑडिटरचा अहवाल) आदेश, २०२० नुसार ऑडिटरला काही गोष्टी स्पष्ट लिहाव्याच लागतात. पीएफ, कर्मचारी राज्य विमा, जीएसटी आणि आयकराची रक्कम कंपनी नियमित भरते का, सहा महिन्यांहून जुनी थकबाकी किती, आधीच्या ऑडिटरने राजीनामा दिला होता का, आणि पुढच्या वर्षभरातली देणी फेडण्याची ताकद कंपनीत दिसते का. लहान खासगी कंपन्या आणि इतर काही प्रकारच्या कंपन्यांना हा आदेश लागू नाही, बाकीच्यांना आहे. वाणिज्य शाखेत न शिकलेल्या माणसालाही हे परिच्छेद समजतात. ज्या कंपनीचा पीएफ सहा महिने थकला आहे तिचा पगारही लवकरच थकेल, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

तोट्याला मात्र घाबरण्याचे कारण नाही, कारण नव्या कंपन्या अनेकदा काही वर्षे तोट्यातच चालतात. पाहायची ती रोकड. समजा ताळेबंदात १२ कोटी रोख आहेत आणि रोख प्रवाहाच्या पत्रकातून महिन्याला दीड कोटी जाताना दिसतात. तर नवे पैसे न आल्यास आठ महिने शिल्लक आहेत. ताळेबंद बहुधा वर्षभर जुना असतो, त्यामुळे मधल्या काळात नवे भांडवल आले का, हे शेअर वाटपाच्या विवरणावरून ताडून घ्यावे.

पीएफची नोंद ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पोर्टलवर आस्थापनेचे नाव टाकले की तिने कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला भरले, किती रक्कम भरली आणि ती किती कर्मचाऱ्यांची होती, हे दिसते. भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १५ असते. ही नोंद कंपनीच्या सांगण्यावरून होत नाही, पैसे जमा झाल्यावर होते. सलग तीन महिने भरणा उशिरा झालेला दिसला तर तिथे पैशांची ओढाताण आहे असे समजावे. मुलाखतीत २०० जणांचा चमू सांगितला गेला आणि नोंदीत ३० जण निघाले, तर उरलेले ठेकेदाराकडचे आहेत की सल्लागार म्हणून घेतलेले, हे विचारण्याचा हक्क उमेदवाराला आहे. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पीएफ न्यास असतात, त्यांचा आकडा इथे कमी दिसतो. आणि पहिल्याच नोकरीत १५ हजारांहून अधिक मूळ वेतनावर लागलेल्यांना पीएफ सक्तीचा नसतो. म्हणजे आकडा लहान असणे हा पुरावा होत नाही. भरणा अनियमित असणे हा होतो.

शेअर बाजारातील कंपन्यांबद्दल तर याहून बरेच उघड असते. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा आहे. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे तीन वर्षांचे प्रमाण, अपघात, लैंगिक छळाच्या तक्रारी, स्त्रिया आणि पुरुष यांचे मध्यक वेतन हे सगळे त्यात छापलेले असते. कंपनीतले वातावरण कसे आहे असे चार जणांना विचारत फिरणाऱ्याने हा अहवाल आधी उघडावा.

आता तिसरा आक्षेप, अनुभवी माणसांचा. कागद खोटे असतात, सत्यम या आयटी कंपनीचे काय झाले, असे ते म्हणतात. सप्टेंबर २००८ मध्ये सत्यमला सुशासनासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. ऑडिटरचा अहवाल तोवर स्वच्छ होता. हे सगळे खरे. पण यातून पुरस्कार पाठ करणाऱ्यांची बाजू पडते, चौकशी करणाऱ्यांची नाही. ताळेबंद खोटा असतानाही इशारे उघड होते. डिसेंबर २००८ मध्ये अध्यक्षांच्या कुटुंबाशी निगडित दोन कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घेण्याचा प्रयत्न गुंतवणूकदारांच्या संतापामुळे मागे घ्यावा लागला, आणि जागतिक बँकेने कंपनीवर बंदी घातल्याचेही त्याच महिन्यात जाहीर झाले. एक कागद खोटा करता येतो. पीएफचा भरणा, न्यायालयातले दावे, ऑडिटरचा राजीनामा, बँकेचा बोजा ही वेगवेगळ्या हातांनी केलेली नोंद आहे. ती सगळी एकाच वेळी खोटी करणे फार अवघड. म्हणून एकाच कागदावर विसंबायचे नाही, एक नोंद दुसरीशी ताडून पाहायची. ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर पक्षकाराच्या नावाने दावे शोधता येतात. पुरवठादार पैशांसाठी कोर्टात गेले असतील तर पुढची पाळी कर्मचाऱ्यांची असू शकते.

राज्यातल्या कितीतरी नोकऱ्या कंपन्यांत नसतात. दवाखाना, शिकवणी वर्ग, हॉटेल, वाहतूकदाराचे कार्यालय, सराफाची पेढी यांना सीआयएन नसतो. तिथे जीएसटी क्रमांक असेल तर तो उपयोगी पडतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा तो २७ ने सुरू होतो आणि पोर्टलवर विवरणपत्रे वेळेवर भरली का, हे कुणालाही पाहता येते. मात्र लहान मालकाची खरी पारख माणसांकडूनच होते. तिथे आधी काम केलेल्याला भेटावे आणि नेमके विचारावे: पगार कोणत्या तारखेला व्हायचा, सोडताना हिशेब पूर्ण मिळाला का, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती का. मालक कसा आहे, असे मोघम विचारले की उत्तरही मोघमच येते. नोकरदारांचे निनावी अभिप्राय वाचतानाही तारांकन सोडून द्यावे. वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या लोकांनी एकच ठोस तक्रार केली आहे का, ते शोधावे.

परदेशी नोकरीत तर ही खातरजमा कायद्यानेच सोपी करून ठेवली आहे. रत्नागिरी, रायगडमधून आखातात जाणाऱ्यांनी एजंटचा परवाना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावे. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी. त्याहून जास्त मागणाऱ्यापासून दूर राहावे.

चौथा आक्षेप भिडेचा. फार प्रश्न विचारले तर संधी जाते, मालकाला उमेदवार उद्धट वाटतो. वर सांगितलेले बहुतेक सारे कुणालाही न विचारता करता येते, म्हणून हा आक्षेप मुळातच लंगडा आहे. शिवाय कंपनी स्वतः काय करते ते पाहावे. ती उमेदवाराच्या जुन्या मालकाला फोन लावते, पदवी पडताळून घेते, पीएफच्या यूएएन क्रमांकावरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा जुळवते, काही ठिकाणी पोलीस पडताळणीही मागते. एका बाजूची पडताळणी शिस्त आणि दुसऱ्या बाजूची उद्धटपणा, हे मान्य करण्याचे कारण नाही. दोन-तीन प्रश्न विचारण्याची वेळ आलीच तर ते ऑफर हाती आल्यावर, सही करण्याआधी, सौम्य शब्दांत विचारावेत. तेवढ्यावरून ऑफर मागे घेणारा मालक पगार थकल्यावर कसा वागेल, हे तिथेच कळते.

चौकशीलाही मर्यादा आहेत. आर्थिकदृष्ट्या भक्कम कंपनीही शब्द फिरवू शकते. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतल्या अनेक पदवीधरांना ऑफर लेटर देऊनही जवळपास दोन वर्षे रुजू करून घेतले नाही. पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ते प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेले. असा विलंब कोणत्याही ताळेबंदात आधी दिसत नाही. त्यावर उपाय एकच, रुजू होण्याची तारीख लेखी मिळेपर्यंत दुसरे दार बंद न करणे.

आणि हे सारे ओझे २२ वर्षांच्या एकट्या मुलामुलींवर टाकणेही न्याय्य नाही. कॅम्पसवर कंपनी बोलावते ते महाविद्यालय, आणि झालेल्या भरतीचे आकडे माहितीपत्रकात छापून पुढच्या वर्षीचे प्रवेश मिळवते तेही महाविद्यालयच. तेव्हा पहिली चौकशी त्यानेच केली पाहिजे. प्लेसमेंट कक्षांनी ध्येयवाक्ये पाठ करून घेणे थांबवावे आणि येणाऱ्या प्रत्येक कंपनीचा सीआयएन, शेवटच्या ताळेबंदाची तारीख, पीएफ भरल्याचा शेवटचा महिना आणि बाँडची रक्कम मुलाखतींच्या आठवडाभर आधी सूचनाफलकावर लावावी. एका कंपनीमागे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्यासाठी शंभर रुपयांहून अधिक खर्च येत नाही.